कारागृहाच्या ग्रंथालयात तपासणी येते तेव्हा: नव्याने रुजू झालेल्या गुरुजींसाठी

कारागृहात शिक्षक म्हणून रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाची किल्ली हाती येते. मी जिथे जिथे नोकरी केली तिथे ग्रंथपाल असा वेगळा माणूस कधी नव्हता. साक्षरता वर्ग, मुक्त विद्यापीठाचे अर्ज, वर्तमानपत्रांचे वाटप आणि ग्रंथालय हे सगळे गुरुजींकडेच. मग एक दिवस कार्यालयातून निरोप येतो, "सोमवारी तपासणी आहे, ग्रंथालय नीट करून ठेवा." नव्या माणसाची धावपळ इथून सुरू होते आणि बहुधा ती भलतीकडेच जाते. भिंतींना रंग लागतो, पुस्तके उंचीप्रमाणे रांगेत उभी राहतात, फाटकी पुस्तके पोत्यात जातात आणि लावलेले विस्कटू नये म्हणून वाचकांना चार दिवस दार बंद होते.

असे करू नका. तपासणीच्या दिवशी ग्रंथालय चालू दिसले पाहिजे, आणि तुमच्या वाचकांना जे हवे आहे ते त्या दिवशी कागदावर चढून वर गेले पाहिजे. खाली सांगितलेली सगळी कामे त्यासाठीच आहेत.

१. आधी विचारून घ्या, येणार कोण आहे

तपासणी हा शब्द एकच असला तरी येणाऱ्यांची नजर वेगवेगळी असते. विभागाचे कारागृह उपमहानिरीक्षक येतात तेव्हा नोंदवह्या, सुरक्षा आणि मागच्या शेऱ्यांचे काय झाले हे पाहिले जाते. लेखापरीक्षणाचे पथक खरेदीची देयके, दाखल क्रमांक (प्रत्येक पुस्तकाला नोंदवहीत मिळालेला क्रमांक) आणि जडवस्तू नोंदवही (सामानसुमानाची वही) मागते. त्यांना पुस्तकात काय लिहिले आहे याच्याशी कर्तव्य नसते. जिल्हा न्यायाधीश, अभ्यागत मंडळ (कारागृहाला भेट देऊन पाहणी करणारे मंडळ) किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव येतात ते मात्र थेट बंद्यांशी बोलतात.

या शेवटच्या भेटींमागे इतिहास आहे. तिहार कारागृहातील सुनील बत्रा या बंद्याने दुसऱ्या एका बंद्याला झालेल्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. १९८० चा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालात जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांनी कारागृहांना भेटी द्याव्यात, बंद्यांना गाऱ्हाणी मांडायला खरी संधी द्यावी, तक्रारपेट्या ठेवाव्यात असे निर्देश आहेत. न्यायाधीश तुमच्या ग्रंथालयात येऊन एखाद्या बंद्याशेजारी बाकावर बसले, तर ते या निर्देशांप्रमाणे आपले काम करत आहेत हे ध्यानात असू द्या.

२. नोंदवह्या: जे घडले तेवढेच लिहा

टेबलावर चार वह्या हव्यात. दाखलनोंदवही, देवघेव नोंदवही, वाचकांच्या मागणीची वही आणि तपासणी करणारे आपले शेरे लिहितात ते शेरेबुक. जडवस्तू नोंदवही बहुधा कार्यालयात असते; कपाटे, टेबले, पंखे यांच्या नोंदीची छायाप्रत स्वतःजवळ ठेवा.

देवघेव नोंदवहीबद्दल मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका मध्यवर्ती कारागृहात होतो. दोन महिने देवघेव लिहिलीच गेली नव्हती. पुस्तके जात होती, येत होती, पण वहीत काही नव्हते. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी "वही भरून टाका" असे मला सांगण्यात आले आणि मी भरली. एकच पेन, एकच अक्षर, साठ दिवसांची पाने. दुसऱ्या दिवशी साहेबांनी वही उघडली आणि बोट वरून खाली फिरवत आणले. एका नावाशी बोट थांबले. "हा तर जामिनावर सुटला ना? सुटून बारा दिवस झाले. त्यानंतर याने दोन पुस्तके कशी नेली?" खोलीत कुणी काही बोलले नाही. मला सगळ्यात जास्त लागले ते हे की त्या दोन महिन्यांत बंद्यांनी खरोखर पुस्तके वाचली होती. माझ्या खोट्या नोंदींमुळे त्यांचे खरे वाचनही खोटे ठरले.

म्हणून वहीत खंड पडला असेल तर तो तसाच राहू द्या. शेवटच्या खऱ्या नोंदीखाली रेघ मारून लिहा: "या तारखेपासून या तारखेपर्यंत नोंदी झालेल्या नाहीत. कारण अमुक." खाली तुमची सही, शेजारी वरिष्ठ तुरुंगाधिकाऱ्यांची सही आणि तारीख. दुसऱ्या दिवसापासून नियमित लिहा. अशा कबुलीवर शेरा येतो, पण तो एका ओळीचा असतो. खोट्या वहीवर चौकशी लागते.

जुन्या छापील वह्यांचे रकानेही एकदा पाहून घ्या. काही वाचक नोंदवह्यांत नाव, बराक, शिक्षण यांच्यासोबत 'जात' असा रकाना असतो. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने कारागृहातील बंद्यांच्या नोंदवह्यांमधून जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले आहे. जातीवरून भेदभाव होतो का हे पाहण्यासाठी विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळाने मिळून तपासण्या कराव्यात, असेही त्यात आहे. तुमच्याकडे तसा रकाना सापडला तर अधीक्षकांना लेखी कळवा, त्यांच्या आदेशाने नवी वही सुरू करा. जुनी वही फाडू नका. ती अभिलेख आहे.

३. पडताळणी: आठ दिवस आधी, कपाट कपाट करून

दोन सहायक बंदी घ्या. एकाने पुस्तकावरचा दाखल क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने यादीत खूण करायची. दिवसाला एकच कपाट. घाई केली की क्रमांक हुकतात.

न सापडलेली पुस्तके सरसकट 'गहाळ' लिहू नका. वाचकाकडे, दुरुस्तीत, दुसऱ्या यार्डात गेलेले, बदली झालेल्या बंद्यासोबत गेलेले, सुटलेल्या बंद्यासोबत गेलेले आणि खरोखर गहाळ असे निरनिराळे खाने करा. सुटताना पुस्तक परत घेण्यासाठी कार्यालयाशी ठरवून एक चिठ्ठी सुरू करता येते. पण त्या चिठ्ठीपायी कुणाची सुटका पाच मिनिटेही थांबता कामा नये. पुस्तक नाही मिळाले तर नोंद करा आणि माणसाला घरी जाऊ द्या.

फाटकी पुस्तके पोत्यात भरून भांडारात लपवणे ही जुनी सवय आहे. ती मोडा. एक कपाट 'दुरुस्तीसाठी' म्हणून उघडे ठेवा. आमच्याकडे एक वयस्कर सिद्धदोष बंदी होते, सगळे त्यांना काका म्हणत. भिसीतून, म्हणजे कारागृहाच्या स्वयंपाकघरातून, वाटीभर मैदा आणून ते खळ शिजवायचे. खळीत गुठळी राहिली की पान फुगते म्हणून बोटाच्या चिमटीत चोळून बघायचे. पुस्तकाच्या कण्यावर जाड खाकी कागदाची पट्टी लावायची, वरून वीट ठेवायची आणि रात्रभर तसेच राहू द्यायचे. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी नवी कोरी पुस्तके सोडून काकांच्या विटेखालचे पुस्तक उचलले आणि ते कुणी नीट केले म्हणून विचारले. काकांच्या चांगल्या कामाची नोंद त्या दिवशी शेऱ्यात गेली.

आयत्या वेळी देणगीत आलेले पुस्तकांचे खोके कपाटात भरू नका. दाखल क्रमांक नसलेले पुस्तक लेखापरीक्षकाच्या हाती लागले तर ते कुठून आले हे सांगता सांगता नाकी नऊ येतात. खोक्यावर 'दाखल व्हायची' अशी चिठ्ठी लावा, देणगीदाराचे पत्र आणि गेटवरच्या आवक नोंदीचा क्रमांक वर टाचा.

४. कायद्याचे कपाट

ग्रंथालयातले सगळ्यात जास्त हाताळले जाणारे कपाट हेच. न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेल्या, बंद्याला कादंबरीही हवी असते, पण रात्री झोप लागत नाही ती आपल्या कलमामुळे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. म्हणून जुनी पुस्तके बाद करावीत असे कुणी सुचवले तर ऐकू नका. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांचे दोषारोप जुन्या भारतीय दंड संहितेखालीच आहेत. दोन्ही संच शेजारी शेजारी ठेवा आणि जुन्या-नव्या कलमांचा तक्ता भिंतीवर लावा. खुनाच्या शिक्षेचे ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८ मध्ये गेले. हा तक्ता आम्ही मोठ्या अक्षरांत हाताने लिहून लावला होता. त्याच्यासमोर रोज दोघे-तिघे उभे असत, त्यातला एक वाचून दाखवणारा आणि बाकीचे ऐकणारे.

एका पडताळणीत मला कायद्याच्या एका पुस्तकातून जामिनाच्या प्रकरणाची पाने नाहीशी झालेली दिसली. कडा सरळ होत्या, घडी घालून थुंकीने ओली करून सावकाश काढलेल्या. पहिला विचार शिक्षेचा आला. मग लक्षात आले की ती पाने कुणीतरी आपल्या वकिलाला दाखवायला नेली असणार, कारण तिथे छायाप्रत मागायची सोयच नव्हती. त्या आठवड्यात मी जामिनाच्या तरतुदींच्या छायाप्रती काढून घेतल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलावर ठेवल्या. त्यानंतर त्या पुस्तकातले एकही पान गेले नाही. तेव्हापासून फाटलेल्या पानांची यादी मी तपासणी अधिकाऱ्यांपुढे मुद्दाम ठेवत आलो. कोणती पुस्तके आणखी हवीत हे त्या यादीइतके स्पष्ट कुणी सांगत नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ बंदी हमखास विचारतात. न्यायाधीन बंद्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल, किंवा आधी कधीही दोषी ठरला नसेल आणि एकतृतीयांश काळ काढला असेल, तर त्याला सोडण्याची ही तरतूद आहे. ती जुन्या प्रकरणांनाही लागू होते हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. मात्र फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा गुन्ह्यांना ती नाही, आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तिथेही अडचण आहे. अर्धेच वाचून एखादा माणूस आशेवर दिवस काढतो. म्हणून तुम्ही अर्थ सांगत बसू नका. त्याचे नाव विधी साहाय्य केंद्राच्या वहीत लिहा आणि पुढच्या भेटीला वकिलांसमोर बसवा. विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक कपाटावर मोठ्या अक्षरांत असू द्या. मुलाखतीला आलेल्या घरच्यांना तो सांगता येतो.

५. पुस्तके कुठवर पोहोचतात

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांपैकी ६४ वा नियम ग्रंथालयाचा आहे. प्रत्येक कारागृहात सर्व प्रकारच्या बंद्यांसाठी ग्रंथालय हवे, त्यात करमणुकीची आणि ज्ञानाचीही पुस्तके हवीत, असे तो म्हणतो. यातला 'सर्व प्रकारच्या' हा शब्द धरून चांगला अधिकारी विचारतो, "महिला विभागात काय जाते? दवाखान्यात? अतिसुरक्षा यार्डात?"

ज्यांना ग्रंथालयापर्यंत येता येत नाही त्यांच्यासाठी पत्र्याची पेटी फिरवा. चाळीस पुस्तके, पंधरा दिवसांनी बदल, पेटीच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली. महिला विभागाच्या पेटीत चित्रांची पुस्तके जरूर घाला. सहा वर्षांपर्यंतची मुले तिथे आईसोबत राहतात, आणि त्यातल्या कित्येकांनी झाड, गाय, रेल्वे पहिल्यांदा पाहिलेली असते ती चित्रातच. पेटीची देवघेव स्वतंत्र वहीत लिहा, म्हणजे विचारल्यावर वही पुढे करता येते.

६. सुरक्षेच्या नजरेने खोली

याला फार वेळ लागत नाही, पण राहून गेले तर बाकी सगळ्यावर पाणी पडते. कात्री, टोचा, स्टेपलर मोजून घ्या, मोजून परत द्या, संख्या फळ्यावर लिहा. व्हाइटनर आत नकोच. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून सही करा. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांची सुतळी काढून कार्यालयात जमा करा. शिडी खोलीत ठेवू नका. कपाटे भिंतीपासून हातभर पुढे ओढा, मागे काही राहत नाही. जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांचा कणा बोटाने दाबून पाहा, कारण सिमकार्डापासून तंबाखूपर्यंत सगळे तिथे मावते. काही सापडले तर गुपचूप टाकून देऊ नका, लगेच ड्युटीवरच्या अधिकाऱ्यांना कळवा आणि वेळ लिहून ठेवा. तुमचा मोबाइल अर्थातच गेटवर.

बंद्यांची स्वतःची हस्तलिखिते ग्रंथालयात जमा असतात: कविता, आठवणी, कुणाचे अर्धे नाटक. आवराआवरीत ती जाऊ देऊ नका. मुंबईच्या कारागृहात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले आणि ते प्रसिद्धीसाठी बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६५ मध्ये निकाल संझगिरींच्या बाजूने लागला. हस्तलिखित बाहेर जाण्याचा निर्णय अधीक्षक नियमाप्रमाणे घेतील. तुमचे काम ते जपून ठेवणे आणि नोंदवणे एवढे आहे.

७. प्रत्यक्ष दिवस

सकाळी नेहमीच्या वेळी दार उघडा. ज्या बराकीची पाळी असेल तीच बोलवा. 'चांगले दिसणारे' वाचक निवडून आणू नका आणि कुणाला उत्तरे पढवू नका. पढवलेला माणूस दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो आणि नंतर महिनाभर त्याला त्याची लाज वाटत राहते.

सहायक बंद्यांना आदल्या दिवशी एकच सांगा: विचारले तर खरे सांगा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. त्यांची ओळख करून देताना नाव आणि काम सांगा. "हा तीनशे दोनवाला" अशी ओळख आपल्याकडे सहज तोंडातून निघते. त्या माणसाने वर्षभर तुमच्या वह्या सांभाळल्या आहेत, त्याला त्याच्या गुन्ह्याच्या कलमाने हाक मारू नका.

अधिकारी बहुतेक वेळा एखादे पुस्तक कपाटातून उचलतात, दाखल क्रमांक बघतात आणि नोंदवहीत काढायला सांगतात. वही शोधताना हात थरथरू नयेत म्हणून प्रत्येक शंभर क्रमांकांना कागदाची चिठ्ठी लावून ठेवा. उत्तर येत नसेल तर "पाहून संध्याकाळपर्यंत सादर करतो, साहेब" म्हणा आणि खरोखर संध्याकाळपर्यंत सादर करा. मध्येच तुरुंगाधिकारी तुमच्या वतीने उत्तर देऊ लागले तर देऊ द्या. ग्रंथालयाविषयी काही चुकीचे सांगितले गेले असेल तरच नम्रपणे दुरुस्त करा. रोज तीस वाचक येत असतील तर शंभर सांगितलेले तुमच्याच वहीत खोटे ठरेल.

एखाद्या बंद्याला न्यायाधीशांशी बोलायचे असेल तर तुम्ही मागे सरका. ऐकू येणार नाही इतके. शिपाई दादांनाही नजरेच्या टप्प्यात पण कानाच्या टप्प्याबाहेर उभे राहायची विनंती करा. आणि नंतर त्या बंद्याला "काय सांगितलंस रे?" असे कधीही विचारू नका, गमतीनेही नाही. त्या प्रश्नातली भीती त्याला लगेच कळते आणि पुढच्या वेळी तो बोलत नाही.

निघायच्या आधी मागणीची वही पुढे करा. "पुस्तके हवीत" असे मोघम नको. "मराठी मोठ्या अक्षरांची नवसाक्षरांसाठीची ३० पुस्तके, उर्दू कथा १५, नव्या तिन्ही कायद्यांच्या मराठी प्रती प्रत्येकी ५, चष्म्याच्या तपासणीचे एक शिबिर." चष्मा लिहायला विसरू नका. चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी बंद्यांना वाचता येते पण दिसत नाही, आणि आपण त्यांना निरक्षर समजून बसतो.

८. शेरा आल्यावर

शेरेबुकातल्या मजकुराची छायाप्रत त्याच दिवशी घ्या. प्रत्येक मुद्द्यासमोर तीन गोष्टी लिहा: काय करायचे, कुणाच्या मंजुरीने, कोणत्या तारखेपर्यंत. शेऱ्यांवर काय केले हे सांगणारा अनुपालन अहवाल अधीक्षकांमार्फत जातो. तो पाठवताना जे झाले नाही ते 'प्रक्रिया सुरू आहे' या शब्दांत गुंडाळू नका. प्रस्ताव कोणत्या तारखेला कोणाकडे गेला तो जावक क्रमांक द्या. पुढचे अधिकारी आल्यावर सगळ्यात आधी हाच अहवाल मागतात आणि मंजुरीसाठी अडकलेली पुस्तके त्या क्रमांकाच्या आधाराने सुटतात. माझ्याकडच्या उर्दू कथा अशाच दुसऱ्या तपासणीत मिळाल्या, पहिलीनंतर अकरा महिन्यांनी.

पाहुण्यांच्या गडबडीत त्या दिवशी एखाद्या बराकीची पाळी हुकलेली असते. ती कोणती हे संध्याकाळी बराकी बंद होण्याआधी पाहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दार उघडताच त्यांना आधी बोलवा.